कानाला खाच

कुत्र्यामांजरावर लिहू नको, असं मला दोघांनी सांगितलं. एक आमच्या रिंग खात्यातला साथी. म्हणाला, "आरं, माणसावर लिहून संपलं का तुझं?" दुसरा कॉलेजात जातो, अभ्यासवर्ग घेतो. त्यानं बाबासाहेब पुढं केले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला मणिभवनात गांधींच्या तोंडावर बाबासाहेबांनी सांगून टाकलं होतं, की जिथं आम्हाला कुत्र्यामांजरापेक्षा खालचं वागवतात, प्यायला पाणी मिळू देत नाहीत, तो देश मी आपला कसा म्हणू. "आणि तू त्याच कुत्र्यामांजराची वकिली करणार?" आईला विचारलं तर ती म्हणाली, "लिही की. पर पाळी चुकवू नगो."

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. शिक्षण नववी नापास, पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांवर. दुसरी पाळी रात्री बाराला सुटते. गिरणी ते वस्ती चार किलोमीटर. अंगावर रुईचा भुगा, डोळ्यात झोप, आणि चिकनच्या दुकानांमागं जिथं पिसं-आतडी टाकतात तिथं दहा-बारा कुत्री. सायकलवरून उतरायचं. चालायचं. पळायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, पाळीनं शिकवलं. लोक म्हणतात कुत्रं जातपात बघून चावत नाही. साफ खोटं. अपरात्री पायी कोण चालतं, पहाटे कचरा कोण वेचतं, अंधारात झाडू घेऊन कोण निघतं, कुणाची पोरं उघड्यावर बसतात, त्यावर ठरतं कुत्रं कुणाला चावणार ते. मोटारीची काच वर असली की भूतदया सोपी जाते.

माझ्या मावशीचं पोर आठव्या वर्षी गेलं. मोठ्या कुत्र्यानं फाडलं वगैरे काही नव्हतं. पिल्लू होतं, हा त्याच्याशी खेळायचा, दात लागला. कुणी सांगितलं म्हणून मावशीनं जखमेत चटणी भरली आणि सगळे विसरले. दोन महिन्यांनी ताप आला. पोर पाणी मागायचं आणि पेला तोंडाशी नेला की घसा आवळायचा, सगळं अंग ताठ व्हायचं. तहान लागलीय आणि पाणी पिता येत नाही. तिसऱ्या दिवशी संपलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा. पुढं महाडचं वाचलं, चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपण नाही, तेव्हा मला पहिल्यांदा तो आठवला. का, ते नीट सांगता येणार नाही. इथं तर पाणी घरात होतं, हंड्यात होतं.

दोस्तहो, रेबीज एकदा अंगात उघडा पडला की माणूस जातोच. पण त्याच्या आधी हमखास उपाय आहे आणि तो सगळ्यांना पाठ पाहिजे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. (आमचा नळ दिवसाआड चाळीस मिनिटं, तो भाग वेगळा.) चटणी, चुना, तेल काही भरायचं नाही. मग लस. कातडीत टोचली तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दंडात टोचली तर चौदाव्या दिवशी आणखी एक. जखम रक्ताळलेली असली तर जखमेतच एक वेगळं सीरम भरावं लागतं. ते छोट्या दवाखान्यात बहुतेक वेळा नसतं, मग जिल्ह्याला जा. चार खेपा म्हणजे चार खाडे, एसटीचं भाडं वेगळं. तिसऱ्या खेपेला माणूस म्हणतो, आता बरं आहे, कशाला जायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की या रोगानं भारतात वर्षाला अठरा ते वीस हजार माणसं मरतात. जगातल्या अशा मरणांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकट्या आपल्या देशात. त्यात पोरं किती मोठ्या संख्येनं असतात, ते मला आकड्याशिवाय माहीत आहे.

तर गेल्या वर्षी वस्तीत कुत्र्यांच्या फुकट नसबंदीचं शिबिर यायचं ठरलं. ऑपरेशन शहराबाहेरच्या केंद्रात होणार, आमच्याकडं त्यांनी फक्त समाजमंदिरापुढची मोकळी जागा मागितली, गाडी उभी करायला आणि पाळलेल्या कुत्र्यामांजरांना लस टोचायला. त्यावर रात्री बैठक बसली. अशी बैठक मी बघितली नव्हती. पाण्याच्या मोर्चाला नसतात एवढी माणसं कुत्र्याच्या बैठकीला आली.

पोरं तापलेली. आधी संडास द्या, मग कुत्र्यांची ऑपरेशनं. सार्वजनिक संडासाला दारं नाहीत, बाया अंधाराची वाट बघतात, आणि ह्यांना कुत्रीच्या बाळंतपणाची चिंता. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. एक जण म्हणाला, जाळं टाका, विष घाला, प्रश्न मिटवा. बायांच्या बाजूनं आक्का उठली. ही चार घरची धुणीभांडी करते आणि उरलंसुरलं एका तांबड्या कुत्रीला घालते. ती म्हणाली, "दर सा म्हैन्याला ती पाच-सा टाकती. निम्मी गटारात मरत्यात, निम्मी टेंपूखाली. मेलेली पिल्लं उचलायला कोन येतं? तुमी येता व्हय? मीच टाकते पिशवीत भरून. करा म्हनं आपरेशन."

तेवढ्यात तात्या उभा राहिला. सत्तरी ओलांडलेला, बैठकीत कधी बोलत नाही. म्हणाला, "नसबंदी ह्यो शबुद माझ्या म्होरं काडू नगा."

पोरं हसली. ज्यांना माहीत होतं ती माणसं हसली नाहीत.

तात्याला १९७६ साली धरलं होतं. तो बैलगाडी घेऊन बाजाराला गेलेला, वय बावीस, लग्नाला एक वर्ष, मूल नाही. ओढून नेलं, कागदावर अंगठा घेतला, काम झालं, पुन्हा बाहेर. "च्या बी दिला न्हाई," तो सांगतो, "बैलं तशीच हुबी हुती दिवसभर जुवाखाली. मी आलो तर बैलांनी माझ्याकडं बगितलं. त्येवढं ध्येनात हाय." त्याला पुढं मूल झालं नाही. काकीनं आयुष्यभर लोकांची बोलणी खाल्ली, वांझ म्हणून.

हे एकट्या तात्याचं नाही. १९७६ च्या जानेवारीत बार्शीला रस्त्यावरून माणसं उचलून गाडीत घालून नसबंदीला नेली, ते लिहून ठेवलेलं आहे, म्हणून बार्शीचं नाव झालं. बाकीच्या गावांचं कुणी लिहिलं नाही. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक पास केलं होतं, देशात पहिलं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढंच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. बंगल्यातला माणूस जाळ्यात सापडला असं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

आणि आता गंमत बघा. भूतदयेचं बोलणारे लोक घटनेतलं ५१-अ हे कलम दाखवतात. सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य, असं त्यात आहे. बरोबर आहे, आहे. पण हे कलम बाबासाहेबांच्या मूळ घटनेत नव्हतं. ते ४२ व्या दुरुस्तीनं आलं. ती दुरुस्ती कधीची? १९७६ ची. ज्या सरकारनं तात्याला बैलांपासून ओढून नेलं, त्याच सरकारनं त्याच वर्षी बैलावर दया करायचं त्याच्यावर कर्तव्य लिहिलं. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा समाजमंदिरात आवाज बंद झाला. मग तात्या म्हणाला, "बैलावर मी दया करतच हुतो की. कायदा कशाला पायजे हुता?"

बैठक तिथं संपली नाही. मारून टाका म्हणणारा अजून बसला होता. मारण्याचा इतिहास मला थोडा घरातून माहीत आहे. आजीचा भाऊ मुंबईत कुत्र्यांच्या गाडीवर कामाला होता. त्या काळी तिथं धरलेली कुत्री विजेचा झटका देऊन मारायचे, ते १९९४ पर्यंत चाललं. मामाआजोबाला चाळीत कुणी शेजारी बसवून घ्यायचं नाही. ज्यांनी तक्रार करून गाडी बोलावली तेच वरून थुंकायचे, पोरं दगड मारायची. मारा म्हणणारा वेगळा असतो आणि मारणारा वेगळा असतो. मेलेलं ओढायचं काम गावात कुणाकडं होतं, ते आपल्याला सांगायला नको. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितलं. शहरात आल्यावर त्याच कामाला पगार लागला आणि गाडी लागली.

आणि एवढं मारून कमी झाली का? मद्रासला १८६० पासून कुत्री मारत होते. तिथल्या ब्ल्यू क्रॉसवाल्यांनी हिशेब मांडलाय, सुरुवातीला दिवसाला एकसुद्धा भरत नव्हतं, १९९५ पर्यंत दिवसाला १३५ पर्यंत गेलं. मारणं वाढलं, कुत्री वाढली. ब्ल्यू क्रॉसवाले १९६४ पासून सांगत होते की मारू नका, ऑपरेशन करा. पालिकेला पटायला तीस वर्षं गेली. कारण साधं आहे. उकिरडा तसाच ठेवून कुत्रं उचललं, की त्या उकिरड्यावर शेजारच्या गल्लीतलं येतं, लस न टोचलेलं. म्हणून नियम असा, की धरायचं, भूल द्यायची, मादीचं गर्भाशय आणि अंडाशय काढायचं, नराचे अंड काढायचे, रेबीजची लस टोचायची, भूल असतानाच कानाला खाच मारायची म्हणजे पुन्हा धरायला नको, आणि जिथून आणलं तिथंच सोडायचं. २००१ साली नियम झाले, २०२३ ला नवे आले. कुत्रीचा गर्भ साधारण ६३ दिवसांचा, म्हणून आक्काचा हिशेब बरोबर होता. रेबीज थांबवायचा तर शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस पाहिजे, आणि ती पुन्हा पुन्हा. एक दिवस येऊन बॅनरखाली फोटो काढून गेल्यानं काही होत नाही.

शेवटी जागा दिली. हात वर करून मोजलं, बायांच्या हातांनी ठरलं.

शिबिराच्या दिवशी मी पहिली पाळी करून साडेतीनला आलो. गाडी उभी होती, पिंजऱ्यात कुत्री. आक्काची तांबडी आत गप्प पडलेली, आक्का बाहेर रडत होती. संस्थेची एक बाई सगळ्यांना पत्रकं वाटत होती, चांगली बाई होती, इंग्रजी मराठी बोलायची. जाळं घेऊन तीन पोरं फिरत होती. त्यातल्या एकाच्या मोबाइलवर बाबासाहेब दिसले. मी जयभीम केला. त्यानं इकडंतिकडं बघून जयभीम केला. शेजारच्या तालुक्यातला, बारावी झालेला, ठेकेदाराकडं रोजावर. हातावर दातांच्या जुन्या खुणा.

मी विचारलं, "तुला लस टोचलीय का रे?"

"चावलं की टोचत्यात."

"आधी?"

तो हसला. "दादा, कुत्र्याला टोचायचं बजेट हाय. आमचं न्हाई."

कुत्री धरणाऱ्या माणसाला आधीच लस टोचून ठेवायची असते. हा जगभरचा वैद्यकीय सल्ला आहे, काही गुपित नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली सगळी कुत्री उचला म्हटलं, अकरा दिवसांत तो हुकूम बदलून ऑपरेशन आणि लस करून तिथंच सोडा म्हटलं, नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, स्टँड-स्टेशनातली उचला आणि परत तिथं सोडू नका म्हटलं. त्या सगळ्या दिवसांत टीव्हीवर कुत्र्यावर प्रेम करणारे आणि कुत्र्याला भिणारे तासन्‌तास भांडत होते. मी जेवढं ऐकलं त्यात जाळं धरणाऱ्या हातांविषयी एक वाक्य माझ्या कानावर आलं नाही.

तात्या सकाळपासून समोरच्या कट्ट्यावर येऊन बसलेला. डॉक्टर गाडीतून उतरला तसा उठून गेला आणि विचारलं, "भूल देता का?"

"देतो ना बाबा."

"आन्‌ मागनं किती दिस ठिवता?"

"कमीत कमी चार दिवस. जखम भरल्याशिवाय सोडायचं नाही, नियम आहे."

तात्या बराच वेळ काही बोलला नाही. मग "बरं हाय" म्हणाला आणि परत कट्ट्यावर जाऊन बसला.

हे चार दिवस माझ्या डोक्यातून जाईनात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एका डॉक्टरनं काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली होती. त्या भागातल्या शिबिरांत डझनाहून जास्त बायका मेल्या. गरीब बायका, दलित, आदिवासी, मागास जातींच्या. त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. आणीबाणीनंतर पुरुषाच्या नसबंदीला सरकार भ्यायलं आणि सगळा भार बाईवर टाकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईचं ऑपरेशन ३७.९ टक्के, पुरुषाचं ०.३. आमच्या वस्तीत ऑपरेशन झालेला पुरुष एकटा तात्या, आणि बाया मोजत बसायला नको. आक्काचंही झालंय, चौथ्यानंतर. टाके ओले असताना तिसऱ्या दिवशी ती धुण्याला गेली होती. तिला मी कुत्रीच्या चार दिवसांचं सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "मिळूं दे की तिला. तिनं काय माझं न्हेलंय?"

आमच्या कॉलेजवाल्या मित्रानं हे वाक्य ऐकावं म्हणून मुद्दाम लिहितोय. आपल्याला कुत्र्याखाली ठेवलं ते कुत्र्यानं नाही. बाबासाहेब मणिभवनात बोलले ते माणसाच्या हक्काचं बोलले, कुत्र्याचं पाणी तोडा असं बोलले नाहीत.

दयेचं मात्र मला वेगळंच दिसतं. माझा आजा १९८२ च्या संपापर्यंत परळला गिरणीत होता. तिथं जनावरांचं एक जुनं मोठं हॉस्पिटल आहे, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं. पेटिट म्हणजे गिरणीमालक. ते हॉस्पिटल १८८० च्या दशकात उभं राहिलं, चांगलंच झालं, अजून हजारो मुक्या जिवांना उपयोगी पडतंय. पण त्याच दशकात, १८८४ साली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना आठवड्याला एक सुट्टी द्या म्हणून सह्या गोळा करत होते. ती सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. दया देणाऱ्याच्या सवडीनं येते. सुट्टी मागून, भांडून, सह्या करून घ्यावी लागली. कुत्र्याची नसबंदीसुद्धा मला त्या दुसऱ्या रांगेत पाहिजे, नळाच्या, संडासाच्या आणि दवाखान्यातल्या सीरमच्या रांगेत. हे सगळे अर्ज एकाच कचेरीत, बहुतेक एकाच टेबलावर जातात. आधी हे का आधी ते, असं आपण आपसात भांडलो की त्या टेबलाला आराम.

मांजरांचं राहिलंच. गिरणीत गाठींच्या गोदामात मांजरी आहेत, उंदरांसाठी कुणी तरी कधी ठेवलेल्या. त्या रुईतच वितात. गेल्या थंडीत ब्लो रूमच्या पट्ट्यावर गाठ फोडताना तीन पिल्लं निघाली, डोळे न उघडलेली, मशीनच्या तोंडापासून हातभर. मिक्सिंगवाल्या बाईनं पदरात घेतली. सुपरवायझर ओरडला, मशीन का थांबवलं म्हणून. दीड मिनिट थांबलं असेल. शिबिराच्या दिवशी मी त्यातल्या एका मांजरीला पिशवीत घालून नेलं, तिनं माझा हात फाडला, आणि डॉक्टरनं आधी मला टोचलं. त्याच्या गाडीत लस होती म्हणून. दवाखान्यात त्या आठवड्यात नव्हती. वस्तीतली पोरं त्यावरून मला अजून चिडवतात.

कुत्री पाचव्या-सहाव्या दिवशी आणून सोडली. चाळीसेक असतील. तांबडीच्या कानाला खाच होती. ती गाडीतून उतरली आणि सरळ आक्काच्या दारात. अजून निम्मी राहिली आहेत, आणि चिकनच्या दुकानांमागचा उकिरडा होता तिथंच आहे, तिथं नवीन दोन कुत्री आली आहेत, त्यांचे कान पूर्ण आहेत.

बैठकीतल्या पोरांना घेऊन आम्ही अर्ज केला. त्यात मागितलंय ते असं. शिबिर दर तीन महिन्यांनी व्हावं. चिकन-मटणाचा कचरा रोज उचलावा. वस्तीच्या दवाखान्यात लस आणि सीरम कायम असावं. कुत्री धरणाऱ्या पोरांना आधी लस टोचावी, हातमोजे द्यावेत, पगार बँकेत द्यावा. आणि संडासाला दारं. हे शेवटचं कुत्र्याच्या अर्जात कशाला, असं कारकुनानं विचारलं. रात्री पोरं बाहेर बसतात तेव्हा चावतं म्हणून, असं सांगितल्यावर त्यानं शिक्का मारला. ७२ सह्या आहेत आणि अकरा अंगठे. तात्याला सही येते, पण त्यानं अंगठा उठवला. म्हणाला, "मागल्या बारीला त्यांनी घेतला हुता. ह्या बारीला मी देतोय."

पोच माझ्याकडं आहे. सोमवारी पुन्हा जायचंय, पहिली पाळी आहे, म्हणजे साडेतीननंतर. कचेरी पावणेसहाला बंद होते.